क्रांतिवृत्तातली क्रांती आणि राज्यक्रांतीतली क्रांती, शब्द एकच का?

प्रश्न असा होता: "मुलगी आकाशदर्शनाला जाते, तिथे क्रांतिवृत्त शिकली. शाळेत इतिहासात फ्रेंच राज्यक्रांती आणि युरोपातली वैज्ञानिक क्रांती आहे. ती विचारते हा एकच शब्द आहे का, आकाशात कसली क्रांती? आणि कोपर्निकसच्या पुस्तकाचं नाव एका ठिकाणी 'खगोलीय क्रांतीविषयी' असं वाचलं, ते बरोबर आहे का?"

हो, शब्द एकच आहे, आणि त्यात आकाशातला अर्थ थोरला, राजकारणातला धाकटा. पुस्तकाचं ते नाव मात्र चुकलंय. चूक कशी झाली ते सांगायला जरा लांबून यावं लागेल, कारण इंग्रजीतला रेव्होल्यूशन हा शब्दसुद्धा आपल्या क्रांतीसारखाच आकाशातून खाली उतरलाय, फक्त दोघं वेगवेगळ्या जिन्याने उतरलेत.

आधी आपला शब्द. संस्कृतमधे क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, चालणं, ओलांडणं. विक्रम, पराक्रम, आक्रमण, अतिक्रमण, तीन पावलांत सगळं व्यापणारा त्रिविक्रम, सगळी ह्याच घरातली मंडळी. सूर्य एका राशीतून दुसरीत पाऊल टाकतो ती संक्रांत (आणि एखाद्यावर संक्रांत येते तीही हीच). गणिती ज्योतिषात क्रांती हे चक्क एक माप आहे: आकाशातल्या विषुववृत्तापासून सूर्य किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलाय. जूनच्या २१ तारखेच्या आसपास ती उत्तरेकडे सगळ्यात जास्त असते, सूर्यसिद्धांत ह्या जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथात ही परमक्रांती (म्हणजे सगळ्यात मोठी क्रांती) २४ अंश धरलीय, आजचं माप साधारण २३ अंश २६ मिनिटं, आणि कर्कवृत्त साडेतेवीस अंशावर म्हणून आपण शाळेत घोकतो ते ह्याच्यामुळेच. वर्षभर सूर्य ज्या वाटेने असा सरकत जातो ते क्रांतिवृत्त. बंड नाही, उलथापालथ नाही, नुसतं पाऊल आहे.

आता रेव्होल्यूशन. लॅटिनमधे व्हॉल्व्हेरे म्हणजे गुंडाळणं, फिरवणं, आणि त्याच्या आधी रे लागला की पुन्हा फिरून तिथेच येणं. रिव्हॉल्व्हर हे नाव त्याचं गोळ्यांचं नळकांडं फिरतं म्हणून पडलं, फिरती खुर्ची रिव्हॉल्व्हिंग चेअर तीही म्हणूनच. म्हणजे ह्या शब्दाचा जीव गोल फिरण्यात आहे, निघालो तिथे परत येण्यात आहे. कोपर्निकसचं पुस्तक १५४३ मधे न्युरेंबर्गला छापलं, त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला, आणि त्या पुस्तकाचं नाव दे रेव्होल्यूशनिबुस ऑर्बियम सेलेस्टियम. रेव्होल्यूशनिबुस म्हणजे 'परिभ्रमणांविषयी'. आपल्याकडे भूगोलात पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरणं ते परिभ्रमण, त्यातलं हे दुसरं. ज्याने कुणी 'क्रांतीविषयी' लिहिलं त्याने इंग्रजी रेव्होल्यूशन बघितलं, डोक्यात १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती आली आणि तेच लिहून टाकलं.

पण मला ह्यात खरं भारी वाटतं ते पुढचं आहे. कोपर्निकसला स्वतःला आजच्या अर्थाची क्रांती करायचीच नव्हती! त्याची तक्रार टॉलेमीवर होती, म्हणजे पृथ्वी मधे धरून ग्रहांचा हिशेब मांडणाऱ्या प्राचीन ज्योतिषावर, आणि तक्रार अशी की ग्रह वर्तुळात एकसारख्या वेगाने फिरतात हे प्राचीन ग्रीकांचं तत्त्व टॉलेमीने पाळलं नाही, हिशेब जुळावा म्हणून त्याने ग्रहाचा वेग वर्तुळाच्या मध्यापासून न मोजता बाजूच्याच एका बिंदूपासून एकसारखा धरला. कोपर्निकसला ते मनापासून खटकायचं. सूर्य मधे ठेवला, पृथ्वीला फिरायला लावलं, हे धाडस प्रचंडच आहे, पण वर्तुळं त्याने सोडली नाहीत, उलट तो मूळच्या शुद्ध नियमाकडे परत जात होता. म्हणजे रेव्होल्यूशन, फिरून मागे येणं, हा शब्द त्याच्या मनातल्या हेतूलासुद्धा लागू पडतो.

ओलांडणं झालं ते पुढे, केपलर ह्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या हातून. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या यंत्रांनी वर्षानुवर्षं मंगळाचे वेध घेऊन ठेवले होते, ते केपलरला प्रागमधे मिळाले. त्याने वर्तुळ धरूनच मंगळाचा हिशेब बसवायला घेतला, बसत आणला, आणि शेवटी फरक उरला ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, वर मिनिटं म्हटलं तेच). आठ कला म्हणजे किती, तर पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण ३० कला असते, तिचा जेमतेम पाव भाग. तुम्ही आम्ही असतो तर म्हटलं असतं चालतंय, मोजण्यात इकडेतिकडे झालं असेल. केपलर म्हणाला नाही, टायकोचे वेध इतके चुकूच शकत नाहीत, म्हणजे चूक माझ्या वर्तुळात आहे, आणि त्याने इतक्या कष्टाने उभा केलेला हिशेब टाकून दिला. पुढे १६०९ मधे त्याचं आस्ट्रोनोमिया नोव्हा हे पुस्तक छापून आलं त्यात मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे, वर्तुळ नाही. दोन हजार वर्षांची समजूत चंद्राच्या पाव रुंदीएवढ्या फरकासाठी सोडायची, हे मला त्या सगळ्या काळातलं सगळ्यात मोठं पाऊल वाटतं, आणि मी पाऊल हा शब्द मुद्दाम वापरतोय.

लगेच पुढच्या वर्षी, ७ जानेवारी १६१० ला पाडुआत गॅलिलिओने गुरूवर दुर्बीण लावली तर शेजारी तीन ठिपके, दोन पूर्वेला एक पश्चिमेला. आठ तारखेला तिन्ही पश्चिमेला. नऊला ढग. दहाला दोनच दिसले, दोन्ही पूर्वेला. तेराला चार झाले. रोज कागदावर गुरूचं गोल चिन्ह आणि बाजूला चांदण्या, एवढंच तो काढत होता, आणि त्यातून त्याच्या लक्षात आलं की हे तारे नाहीत, हे गुरूभोवती फिरतायत, म्हणजे सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं असं नाही. कोपर्निकसच्या पुस्तकाच्या नावातलं परिभ्रमण ते हेच, ज्याच्याकडे बरी दुर्बीण असेल त्याने वर बघून खात्री करून घ्यावी असं.

आता हा शब्द राजकारणात कसा आला. आला तोही गोल फिरतच आला. इंग्लंडमधे राजाचा शिरच्छेद झाला, पार्लमेंट आलं, मग पार्लमेंटच्या फौजेचा सेनापती क्रॉमवेल सत्तेवर आला आणि १६६० मधे परत राजाचा मुलगा गादीवर बसला, त्यावर हॉब्ज ह्या इंग्रज विचारवंताने बेहेमथ ह्या ग्रंथात लिहिलं की ह्या रेव्होल्यूशनमधे मी सत्तेला वर्तुळ पूर्ण करताना पाहिलं. म्हणजे ज्याला आपण क्रांती फसली म्हणू त्याला तो रेव्होल्यूशन पुरी झाली म्हणतोय! १६८८ ची ग्लोरियस रेव्होल्यूशन, तिच्याकडेही बऱ्याच लोकांनी जुने हक्क परत जागेवर आले अशाच नजरेने बघितलं. १७८९ मधे पॅरिसचा बास्तिल हा तुरुंग-किल्ला पडल्याची बातमी आली तेव्हा फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईने विचारलं बंड आहे का, आणि एका सरदाराने सांगितलं नाही महाराज, रेव्होल्यूशन आहे, असं सांगतात. तिथून पुढे परत येण्याचा अर्थ मागेच पडला आणि आता मागे फिरणं नाही हा अर्थ उरला.

विज्ञानात हा शब्द त्याच्या आधीच आला होता. लाव्हाझिए ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७७३ च्या सुमाराला आपल्या वहीत लिहून ठेवलं की हे काम भौतिकी आणि रसायनात रेव्होल्यूशन घडवेल, आणि तसंच झालं, पण दुसऱ्या, रस्त्यावरच्या रेव्होल्यूशनने त्याला १७९४ मधे गिलोटिनवर चढवलं. एकाच माणसाच्या आयुष्यात त्या शब्दाचे दोन्ही अर्थ असे समोरासमोर आले, हे वाचलं की मला अजून गलबलतं. आणि कोपर्निकसपासून न्यूटनच्या १६८७ च्या प्रिन्सिपिया ह्या ग्रंथापर्यंतच्या सगळ्या काळाला मिळून 'सायंटिफिक रेव्होल्यूशन' हे नाव रुळलं ते तर विसाव्या शतकात, कोयरे आणि बटरफील्ड ह्या इतिहासकारांमुळे. त्या काळातल्या कुणालाच आपण वैज्ञानिक क्रांतीत जगतोय असं माहीत नव्हतं.

म्हणून माझं मत असं की विज्ञानातल्या ह्या बदलाला मराठी शब्द इंग्रजीपेक्षा जास्त चपखल बसलाय. रेव्होल्यूशनला स्वतःचा जुना अर्थ पुसून नवा घ्यावा लागला, क्रांतीला तसं काही करावं लागलं नाही, तिच्यात ओलांडणं पहिल्यापासून होतंच. भाषांतर करणाऱ्यांनी आकाशाचा विचार करून हा शब्द निवडला असं मी म्हणत नाहीये. उत्क्रांतीचंही असंच, वेदांतात उत्क्रांती म्हणजे जीव शरीरातून निघून जाणं आणि आज ती डार्विनची झालीय, शब्द गरजेप्रमाणे जागा बदलतात.

मुलीला शुद्धलेखनाचं एक सांगा. एकटा शब्द क्रांती, दीर्घ. समासात पहिला आला की ऱ्हस्व: क्रांतिवृत्त, क्रांतिकारक. शेवटी आला की परत दीर्घ: राज्यक्रांती, हरितक्रांती.

आणि पुस्तकाचं नाव. 'खगोलांच्या परिभ्रमणांविषयी' असंही सुचवतात, पण खगोल म्हणजे ख अधिक गोल, आकाशाचा अख्खा एक गोल, आणि लॅटिन नावातलं ऑर्बियम अनेकवचनी आहे, एकेका ग्रहाला वाहून नेणारे वेगवेगळे गोल. कोपर्निकस अजून ते गोल धरूनच चालला होता. तेव्हा मी लिहीन 'आकाशातल्या गोलांच्या परिभ्रमणांविषयी', आणि खाली मूळ मुखपृष्ठावर आहे तसं, 'सहा भाग'.