पाच मीटरची किंमत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे तीन फोटो आधी मोबाईलवर पाहिले, मग स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर. शिकवण्या घेऊन ४५ हजार साठवलेस, याचं कौतुक आधी करतो. फोटोंचं नंतर. तू विचारलंस, "काका, १५०-६०० मिमीची मोठी झूम लेन्स हप्त्यावर घेऊ का?" दोन शब्दांत 'नको' म्हणून मोकळा झालो असतो, पण मग तू कुणातरी यूट्यूबवाल्याचं ऐकून ती घेतलीच असतीस. तेव्हा नीट लिहितो.

तुझा समज असा की तिन्ही फोटो तुझ्या ५५-२५० लेन्सची २५० मिमी लांबी कमी पडल्यामुळे बिघडले (मिमी जेवढे जास्त, तेवढं दूरचं मोठं दिसतं). मी प्रत्येक फोटोची माहिती उघडून बघितली. तू बघितली होतीस का?

पहिला, बाभळीवरचा वेडा राघू. शटर, म्हणजे कॅमेरा उघडा राहतो तो वेळ, १/१६० सेकंद. तुझ्या कॅनन २००डी कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) लहान आहे, त्यामुळे २५० मिमी हातात धरल्यावर ती ४०० सारखी हलते. १/५०० पेक्षा मंद जायचं कारणच नव्हतं, कारण ऊन चांगलं होतं आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० वर ठेवून तू बसली होतीस. ४०० किंवा ८०० केला असतास तर शटर वेगवान होऊन राघूच्या डोळ्यातला ठिपकासुद्धा आला असता. लेन्समधलं स्टॅबिलायझर तुझा हात सावरतं, राघूची मान नाही. लग्नात अक्षता पडताना १/६० ला फोटो काढून मीही सुरुवातीला असंच नवरा-नवरीला धुकट केलंय. त्यांनी पैसे कापले तेव्हा अक्कल आली.

दुसरा, सुप्याच्या माळावरचा चिंकारा. वेळ सकाळी ११ वाजून २० मिनिटं. तो फोटो दोनशे टक्के मोठा करून बघ. चिंकाऱ्याच्या पायांच्या कडा पाण्यात बघितल्यासारख्या लहरताहेत. जमीन तापली की मधली हवा उकळत्या चहावरच्या वाफेसारखी हलते, आणि तू ती सगळी हवा ओलांडून फोटो काढत होतीस. लाखाची ६०० लावली असती तरी त्या लहरीच मोठ्या झाल्या असत्या. इथे उपाय फुकटातला आहे. साडेसहाला माळावर पोच आणि नऊला घरी ये.

तिसरा, गवतावरून खाली-खाली उडणारा शिकारी पक्षी, भोवत्या. शटर १/२०००, फोकस डोळ्यावर, आणि पक्षी चौकटीत एवढासा. हा फोटो तू सुरेख काढलास. या एकाच फोटोत लेन्स खरंच अपुरी पडली.

म्हणजे तीनपैकी एकासाठी लेन्स हवी. आता ती किती लांबीची हवी ते बघू.

कागद-पेन्सिल घे. वेडा राघू शेपटीची काडी सोडली तर जेमतेम १६ सेंटिमीटरचा. १५ मीटरवरून ६०० मिमीने तो चौकटीत जेवढा दिसतो, तेवढाच ४०० मिमीने १० मीटरवरून दिसतो आणि तुझ्या आत्ताच्या २५० ने सव्वासहा मीटरवरून. त्रैराशिक आहे, करून बघ. ४०० आणि ६०० मधला फरक या राघूच्या बाबतीत पाच मीटरचा आहे, आणि तू मागतेयस ती लेन्स नवी घेतलीस तर तुझ्या साठवणीच्या दुपटीच्या घरात जाते. पाच मीटर तुला रांगत जाता येतात. राघूचं तर आणखी सोपं. तो फांदीवरून उडतो, हवेत माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येऊन ती आपटतो. तो उडाला की दोन पावलं पुढे जायचं आणि खाली बसायचं. परत आला की श्वास धरायचा. तीन-चार फेऱ्यांत तू फांदीच्या समोर असतेस आणि त्याला वाटतं, ही बाई इथे आधीपासूनच होती.

आता म्हणशील, मग २५० नेच सव्वासहा मीटरवर जाते की, पैसे कशाला घालू? रास्त आहे. पण भोवत्या तुला रांगू देणार नाही, आणि चिंकारा तर पायी माणूस दिसला की आधी पळतो आणि मग विचार करतो. स्कूटी उभी करून शांत बसलेलं त्यांना चालतं, उतरून चाललेलं नाही. हे मी सुप्याला कितीतरी सकाळी पाहिलंय. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, त्यात सगळा उघडा माळ, आडोसा घ्यायला बोरी-बाभळींशिवाय काही नाही. तिथे २५० तोकडी पडते आणि ४०० वर काम भागतं. ६०० आणखी बरी, यात वाद नाही. पण ती तुझ्यासोबत माळावर यायला तर हवी ना.

हे मी अनुभवाने बोलतोय. आठेक वर्षांपूर्वी एक लग्नाचा हंगाम चांगला गेला आणि मी १५०-६०० घेतली. लेन्स खरोखर चांगली होती, तिला नावं ठेवत नाही. पण वजन दोन किलोच्या घरात, वर बॉडी, म्हणजे कॅमेरा. पहिले दोन महिने दर रविवारी नेली. मग खांदा भरून यायला लागला. मग 'आज फक्त कवडीपाटला चाललोय, तिथं कशाला' असं म्हणत ती घरी राहू लागली. पावसाळ्यात तर कपाटातून काढलीच नाही. दिवाळीच्या आधी उघडून टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी. साफ करायला बराच खर्च आला आणि धाग्यांचे पुसट ओरखडे काचेवर राहिले ते राहिलेच. शेवटी पडत्या भावात दिली, घेणाऱ्याला सगळं सांगून. चूक माझीच. मी ताडोब्याच्या वर्षातल्या दोन फेऱ्यांसाठी लेन्स घेतली आणि उरलेले पन्नास रविवार विसरलो.

तू ताडोब्याला केव्हा जाणार? एकदा, फार तर दोनदा. त्या दोन फेऱ्यांना मोठी लेन्स पुण्यातून भाड्याने मिळते. ओळखपत्र आणि अनामत लागते, एवढंच. आणि खरं सांगू, जिप्सीतून वाघ दिसला तर तो अनेकदा इतका जवळ असतो की ६०० वाल्यांच्या फोटोत नुसतं नाक आणि मिश्या येतात, कान चौकटीबाहेर. मागे हटायला जिप्सीत जागा नसते.

तर माझं मत असं. १००-४०० या घरातली वापरलेली लेन्स घे. सिग्मा आणि टॅमरॉन या दोघांनीही २०१७ मध्ये १००-४०० काढली. दोन्हींचं वजन साधारण सव्वा किलोच्या आत आहे, दोन्हींना स्टॅबिलायझर आहे. कॅननचीच पहिली १००-४०० मिळाली तर मोह होईल, कारण तिच्यावर लाल पट्टी असते, कॅननच्या महागड्या लेन्सांची खूण. ती १९९८ ची आहे, पंपासारखी पुढे-मागे ओढून झूम होते. काचा उत्तम, पण वय झालंय. मोटर गेली तर सुटा भाग मिळेलच याचा भरवसा नाही. आणि एक आहे कॅननची सरळ ४०० एफ/५.६ (हा एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त), १९९३ ची, झूम नाही, स्टॅबिलायझर नाही. उडत्या पक्ष्यांसाठी मला ती फार आवडते. माझ्याकडे आता तीच आहे. पण तुला पहाटेच्या अंधुक उजेडात चिंकारा आणि कोल्हेही काढायचेत, तिथे स्टॅबिलायझर नसेल तर रडशील.

कुणी सांगेल, कॅननची आरएफ १००-४०० घे, फक्त ६३५ ग्रॅमची आहे. आहे खरी, आणि लेन्सही छान आहे. पण ती तुझ्या बॉडीवर बसणारच नाही. आरएफ माउंट (लेन्स कॅमेऱ्याला बसते ती खाच) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉड्यांसाठी आहे. उलटं मात्र चालतं. आज घेतलेली ईएफ माउंटची, म्हणजे तुझ्या बॉडीवर बसणारी, लेन्स उद्या मिररलेस घेतलीस तर अडॅप्टर लावून त्यावर वापरता येते. म्हणून माउंट बघितल्याशिवाय पैसे हातातून सोडू नकोस. दुकानदार 'तुमच्या कॅमेऱ्यावर ४०० ची ६४० होते ताई' असंही सांगेल. लेन्स काही लांब होत नाही. सेन्सर छोटा म्हणून कडा कापल्या जातात, एवढाच त्याचा अर्थ. खोटं नाही, पण भाव वाढवायला वापरतात.

लेन्स आणि बॉडीच्या मधे लावायच्या टू-एक्स कन्व्हर्टरच्या नादी लागू नकोस. लांबी दुप्पट होते आणि उजेड चौथाई उरतो. ५.६ ची लेन्स ११ होते आणि तुझ्या बॉडीचा ऑटोफोकस आंधळा होतो.

वापरलेली लेन्स बघायला जाशील तेव्हा दिवसाउजेडी जा आणि आपली बॉडी, आपलं कार्ड सोबत ने. ट्यूबलाइटखाली सगळ्याच लेन्सा सुंदर दिसतात. दोन्ही झाकणं काढ, मागून मोबाईलचा टॉर्च मार आणि पुढून तिरकं बघ. धुळीचे चार कण असतील तर सोडून दे, त्यांनी फोटोत काही होत नाही. धागे किंवा ढगाळ पापुद्रा दिसला तर किंमत निम्मी केली तरी उठून ये. पुढच्या काचेवरचा एखादा चरा चालतो, मागच्या काचेवरचा चालत नाही. माउंटच्या स्क्रूंचा रंग उडालेला असेल तर लेन्स आधी उघडलेली आहे. का उघडली ते विचार, आणि उत्तर देताना समोरचा कुठे बघतो ते बघ. शटर अर्धं दाबलं की स्टॅबिलायझरची बारीक घरघर ऐकू आली पाहिजे आणि चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये जागच्या जागी बसल्यासारखं झालं पाहिजे. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवून ४०० वर, छिद्र पूर्ण उघडं ठेवून, समोरून फोटो काढ. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी वाचता आली पाहिजेत. एक कोपरा धुकट आणि समोरचा लख्ख असेल तर आतली काच तिरकी बसलीय, बहुधा पडलेली लेन्स आहे. फोटो घरी आणून मोठ्या पडद्यावर बघ, विचार करून उद्या सांगते म्हण. 'आत्ताच घ्या, दुसरं गिऱ्हाईक येतंय' म्हणणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक लखलाभ.

घेतल्यावर तिला स्कूटीच्या डिकीत ठेवू नकोस. सीटखाली इंजिनाची धग आणि खालून आपले रस्ते. पाठीला सॅक लाव. पावसाळ्यात धान्याचा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, निळ्या दाण्यांच्या. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून परत निळे करायचे, फक्त तो तवा पोळ्यांना वापरू नका म्हणून आईला सांग. आणि दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून अर्धा तास तरी वापर, अगदी गच्चीवरच्या कावळ्यावर का होईना.

सगळे ४५ हजार लेन्समध्ये घालू नकोस. पाच-सहा हजार पेट्रोलला बाजूला ठेव. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही तोंडं शिवून घे, आत तीन-चार किलो तांदूळ भर. जिप्सीच्या दांडीवर, नावेच्या काठावर, बांधावर, कुठेही लेन्स टेकवायला याच्यासारखं काही नाही. ट्रायपॉड नावेत नुसता डुलतो.

एक सांगायचं राहिलं. माळावर चाकोरी सोडून गवतात गाडी घालू नकोस, कुणी कितीही म्हटलं तरी. चंडोल, धाविक, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती आपल्याला दिसत नाहीत. भोवत्या जवळ यावा म्हणून त्याच्या दिशेने चालतही जाऊ नकोस. तो कुठून कुठे घिरट्या घालतो ते दोन संध्याकाळ बघ, मग त्याच्या वाटेवर आधी जाऊन बस. तुझा तिसरा फोटो बघता हे तुला जमेल.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला भिगवणला ये. कुंभारगावच्या धक्क्यावर मी असतो. माझी ४०० तुला नावेत दोन तास वापरायला देतो, मी तुझी ५५-२५० वापरतो. कार्ड रिकामं करून आण आणि आयएसओ १०० वरून काढलेला असू दे. उन्हाळ्याआधी रोहित पक्षी बघायचे आहेतच, पण आपण आधी नावेमागे येणाऱ्या कुरव पक्ष्यांवर हात बसवू. ते जवळून आणि सारखे उडतात, चुकायला भरपूर संधी देतात. नाश्त्याला मी पोहे आणतो, चहा तिथे मिळतो.

तुझा,
स्टुडिओवाला काका