मायचे सात महिने, काकूंचे सतरा दिवस

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला चार घरी स्वयंपाकाचं काम करते. माहेर केज तालुक्यातलं. मायबाप उसतोडीला जातात. मायचं वय त्रेपन्न-चोपन्न असेल. बत्तिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. यंदा दिवाळीनंतर टोळी सांगलीकडं गेली. संक्रांतीच्या सुमाराला तिचं पोट फुगायला लागलं, दोन घास खाल्ले की बस म्हणायची. मेडिकलवाल्यानं गॅसच्या गोळ्या दिल्या. खाडा पडला की पैसे कापतात, म्हणून लांबच्या दवाखान्यात कुणी नेलं नाही. मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ती गावी आली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पिशवी आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग घाबरू नका, पित्त आहे. मे महिन्यात सोनोग्राफी केली, पोटात पाणी निघालं. टीबी असेल म्हणून औषध चालू केलं, ते दोन महिने घेतलं. जुलैच्या शेवटी धाप लागायला लागली तेव्हा मी तिला पुण्याला आणलं. ऑगस्टमध्ये कळलं, अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. वजन ३७ किलो.

मी ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या काकूंनाही फेब्रुवारीत असंच झालं. त्यांची सून डॉक्टर आहे. त्याच संध्याकाळी सोनोग्राफी झाली, सतराव्या दिवशी ऑपरेशन. पण त्यांनाही तिसरीच स्टेज निघाली. भाऊ म्हणतो, बघ, पैसेवाल्यांनाही तेच, नशिबात होतं. मला ते पटत नाही, पण उत्तर देता येत नाही. आमचं चुकलं का? आधी आणलं असतं तर फरक पडला असता का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि शेवटी कागद घेऊन महिने मांडले. संक्रांत ते मार्चअखेर, अडीच महिने, उसाच्या फडात. एप्रिल आणि मे, ‘पिशवी नाही ना, मग काळजी नाही’ या वाक्यात. जून आणि जुलै टीबीच्या औषधात. पुण्यात आल्यावर निदान व्हायला दोन-तीन आठवडे. या हिशेबात तुमच्या नावावर मला एकही महिना सापडला नाही. उलट जो काळ सगळ्यांत कमी लागला, तो तुम्ही हातात घेतल्यानंतरचा आहे.

आता भावाच्या बोलण्याकडे येते, कारण त्यात अर्धं खरं आहे. अंडाशय ओटीपोटात मोकळं असतं. या कर्करोगाचा जो प्रकार सर्वाधिक दिसतो, तो बऱ्याचदा गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो, आणि त्याच्या पेशी पोटातल्या द्रवाबरोबर आतड्यांवर, पोटाच्या अस्तरावर, चरबीच्या पडद्यावर जाऊन बसतात. मध्ये त्यांना अडवणारी भिंतच नाही. त्यामुळे दहापैकी सुमारे सात बायकांमध्ये आजार कळतो तेव्हा तो तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात असतो, आणि त्यात सर्व थरांतल्या बायका आहेत. अभिनेत्री मनीषा कोईराला यांना २०१२ मध्ये निदान झालं तेव्हा त्यांचाही आजार पुढे गेलेला होता. संक्रांतीला मायला तपासलं असतं तर पहिली स्टेज निघाली असती, असं कुणीही तुम्हाला सांगू शकणार नाही. कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला ते. माणूस कुठवर खचला, ते त्या आकड्यात येत नाही. काकू चालत ऑपरेशनला गेल्या असतील. अंगात रक्त, प्रथिनं, पाच-सहा तासांचं ऑपरेशन सोसण्याची ताकद घेऊन गेल्या असतील. या आजारात डोळ्यांना दिसणारी एकही गाठ मागे ठेवायची नाही, असं ऑपरेशन करायचं असतं. पुढची वर्षं किती मिळतात ते त्यावर फार अवलंबून असतं, आणि तसं ऑपरेशन करू द्यायला शरीर टिकावं लागतं. तुमची माय ३७ किलोंवर, धाप लागलेली, सात महिने जेवण न गेलेली अशी आली. दोघींचा आजार एका स्टेजचा असेल, पण उपचाराच्या दाराशी दोघी एकाच ताकदीनं उभ्या नव्हत्या. तो फरक त्या सात महिन्यांनी पाडला, आणि ते सात महिने नशिबानं दिलेले नव्हते. भावाला एवढंच सांगा.

‘पिशवी नाही ना’ या वाक्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण मी ते माझ्या ओपीडीत शेकडो वेळा ऐकलं आहे, बायकांकडूनही आणि डॉक्टरांकडूनही. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढताना अंडाशयं अनेकदा तशीच ठेवतात, आणि तरुण बाईची ठेवायलाच हवीत. पण बाईला सांगितलं जातं ‘सगळं साफ केलं’. हातात कागद राहत नाही, आणि वीस वर्षांनी पोट फुगल्यावर आत काय आहे आणि काय नाही हे कुणालाच माहीत नसतं. तुमच्या बीड जिल्ह्यात हा किती बायकांचा प्रश्न आहे ते २०१९ मध्ये समोर आलं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. तेव्हा चर्चा झाली ती ऑपरेशनं का केली याची, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या हजारो बायका आता पन्नाशीकडे चालल्या आहेत. त्यांच्यातल्या कितीजणींना आपली अंडाशयं आत आहेत हे माहीत आहे, हा प्रश्न मला झोपू देत नाही. गावातल्या मावश्या-आत्यांना हे तुम्ही सांगा, तुमचं त्या ऐकतील.

टीबीच्या औषधाबद्दल राग धरू नका असं मी म्हणणार नाही, पण ते कसं होतं ते सांगते. पोटाच्या टीबीत पोटात पाणी होतं, वजन उतरतं, रक्तातलं सीए-१२५ नावाचं प्रथिनसुद्धा वाढतं. अंडाशयाच्या कर्करोगातही हेच सगळं होतं. आपल्याकडे टीबी इतका की डॉक्टरांचं मन आधी तिकडे जातं. वेगळं करण्याचा मार्ग म्हणजे ते पाणी सुईनं काढून त्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का आणि टीबीची लक्षणं आहेत का हे तपासणं, आणि गरज पडल्यास तुकडा घेणं. सरकारी कार्यक्रमात टीबीचं औषध फुकट मिळतं आणि या तपासण्यांना पैसे लागतात, शिवाय जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. म्हणून औषध आधी सुरू होतं. १९९८ साली तालुक्याच्या गावी काम करताना माझ्या हातूनही हेच झालं. ती बाई तीन महिन्यांनी परत आली तेव्हा तिच्या पोटाला हात लावल्याबरोबर मला कळलं. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यानंतर पाणी तपासल्याशिवाय एकाही बाईला मी पोटाच्या टीबीचं औषध सुरू केलं नाही.

पैशांचं गणितही इथेच अडतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन आणि केमो बसते, आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. मायसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटला नसाल तर उद्याच भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. योजनेनं पुष्कळ घरं वाचवली आहेत, मी ती पाहिली आहेत. पण ती मुख्यतः निदान झालेल्या, भरती झालेल्या रुग्णाला उपयोगी पडते. निदान होईपर्यंतची सोनोग्राफी, रक्ततपासणी, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी बाईच्या स्वतःच्या पदरातून जाते, आणि उशीर नेमका त्याच टप्प्यात होतो. ब्रिटनमध्ये उपचाराला पैसे लागत नाहीत, तरी तिथेही गरीब वस्त्यांतल्या लोकांचा कर्करोग तातडीच्या विभागात पोचल्यावर कळण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. म्हणजे नुसती फी माफ करून भागत नाही. कामावरून उठून येता आलं पाहिजे, आणि समोरच्यानं तक्रार ऐकून घेतली पाहिजे.

आता मायचं. तिला आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो असं सांगितलं असेल तर ती कमी प्रतीची ट्रीटमेंट नाही. अशक्त रुग्णासाठी, किंवा आजार फार पसरला असेल तेव्हा, हाच योग्य क्रम असतो. केमोनं पोटातलं पाणी कमी झालं की भूक परत येते. तेव्हा अंडी, डाळ, दूध, शेंगदाण्याचा कूट असं थोडं थोडं दिवसातून सहा वेळा द्या. ऑपरेशन कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या सर्जनकडूनच होऊ द्या.

आणि एक तुमच्यासाठी. मायची बीआरसीए ही जनुकीय तपासणी होईल का, असं तिच्या डॉक्टरांना विचारा. कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकातला दोष तिच्यात निघाला तर तुम्हा प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या शंभर बायकांपैकी चाळीसएक जणींना आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो. मुलंबाळं झाल्यावर ठरावीक वयात अंडाशयं आणि नलिका काढून तो धोका खूप कमी करता येतो. तपासणी महाग आहे. टाटा रुग्णालयाच्या खारघर केंद्रात जनुकीय समुपदेशन मिळतं, तिथे चौकशी करा. काकूंच्या सुनेनं त्यांच्यासाठी हे विचारलंच असेल. मायसाठी तुम्ही विचारा.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, नाशिकला शिक्षिका आहे. वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ आहे. दरवर्षी करत राहिले तर कर्करोग वेळेत सापडेल ना?

उत्तर : तक्रार नसताना आणि घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग नसताना करू नका. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात पन्नाशीच्या पुढच्या दोन लाखांहून अधिक बायकांना अभ्यासात घेतलं. काहींची दरवर्षी सीए-१२५, काहींची सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच तपासणी नाही. सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निकाल आला. सीए-१२५ गटात लवकरच्या टप्प्यातले रुग्ण थोडे जास्त सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार), फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी) हा आकडा वाढतो, आणि मग विनाकारण ऑपरेशनं होतात. तीच तपासणी तक्रार असलेल्या बाईसाठी मात्र मोलाची आहे. गर्भाशयमुखाच्या पॅप टेस्टनं अंडाशयाचा कर्करोग कळत नाही, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या तपासणीत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. अंडाशयाचा नाही. बायकांना मी काय विचारू?

उत्तर : तुम्ही हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला. तुमच्या यादीत तो नाही, कारण बिनतक्रार बाईसाठी तपासणीच नाही. म्हणून तक्रार ऐकणं एवढंच साधन आपल्या हातात आहे, आणि ते तुमच्याइतकं कुणाकडे नाही.

चाळिशीपुढच्या बाईला, विशेषतः पन्नाशीपुढच्या, विचारा : पोट फुगल्यासारखं राहतं का? दोन घासांत पोट भरतं का? ओटीपोटात दुखतं का? लघवीला सारखी घाई होते का? ‘होतं कधीमधी’ म्हणाली तर, कधीपासून आणि महिन्यात किती दिवस ते मोजून घ्या. नव्यानं सुरू झालेलं आणि महिन्यात बारा दिवसांहून जास्त होत असेल तर गॅसच्या गोळीवर सोडू नका, सोनोग्राफी आणि सीए-१२५ करवून घ्या. आकडा ३५च्या वर असेल किंवा सोनोग्राफीत गाठ किंवा पाणी दिसलं, तर पुढे पाठवायचंच.

एक खूण मला माझ्या रुग्णांनी शिकवली, ती पुस्तकात नाही. ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्यात आणि परकराची नाडी पुरत नाही, असं बाई म्हणाली की तिला त्याच आठवड्यात पाठवा. हातपाय वाळताहेत आणि पोट वाढतंय, याला पित्त म्हणत नाहीत.

पिशवी काढलेल्या बाईलाही हेच प्रश्न विचारा, तिला वगळू नका. आणि सोनोग्राफीत गाठ दिसली तर जवळच्या दवाखान्यात ‘छोटंसं ऑपरेशन’ करून ती काढू देऊ नका. अंडाशयापुरता असलेला आजार गाठ पोटात फुटल्यानं पुढे जातो. चिठ्ठीवर तारीख, तक्रार किती महिन्यांपासून आहे ते आणि ‘अंडाशयाची गाठ, कर्करोगतज्ज्ञांकडे’ असं ठळक लिहून द्या. शक्य असेल तर पहिल्या खेपेला तिच्याबरोबर जा.