नव्या बीट अंमलदाराला

अभिनंदन! सोलापूरच्या पूर्व भागातलं बीट, म्हणजे पोलीस म्हणून तुझ्या जबाबदारीची वस्ती, मिळालंय; शिकायला भरपूर आहे.

सुरुवातीला मोटारसायकल चौकीत ठेव आणि पायी फिर. यंत्रमागाची पाळी सुटते तेव्हा जा, विडी कामगार बायका माल द्यायला कारखान्यावर येतात तेव्हा जा. तेलुगू, कन्नड मोडकंतोडकं का होईना, चार वाक्यं शीक. ‘बागुन्नारा?’ (तेलुगूत ‘बरे आहात ना?’) विचारलंस तरी म्हातारी माणसं मोकळी होतात.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:
- गुन्हा घडल्यावरच वस्तीत दिसणं.
- शांतता समितीतल्या चार पुढाऱ्यांनाच वस्ती समजणं.
- कुणी विश्वासाने सांगितलेलं टपरीवर बोलून जाणं. ही सगळ्यात वाईट. सांगणाऱ्याचं नाव फुटलं की ती गल्ली तुझ्याशी पुन्हा बोलत नाही.

‘ऑपरेशन परिवर्तन’ मात्र आत्ताच समजून घे. २०२१मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी हातभट्टीची गावं अधिकाऱ्यांना दत्तक दिली. छाप्यांसोबत समुपदेशन केलं, दुसऱ्या रोजगाराची वाट दाखवली. त्यातल्याच मुळेगाव तांड्यावर जाऊन लोकांशी बोल, वर्गातल्या प्रशिक्षणापेक्षा जास्त कळेल.

आकडेवारी, नकाशे, अहवाल नंतर शिकवतो. उद्या आधी तुझ्या बीटमधल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट, आणि येताना शेजारच्या किराणा दुकानदारालाही.