मासेमारीच्या संशोधनाचं छोटं जहाज म्हणजे मच्छीमारांचीच बोट ना? मग वेगळं काय करतात?

बाहेरून बघाल तर खरंच फारसा फरक नाही. तीच विंच, तेच ट्रॉलचं म्हणजे जहाजामागे ओढायचं जाळं, तोच डिझेलचा वास. फरक आहे तो जहाज जातं कुठे यात.

मच्छीमार मासा असेल तिथे जातो, त्याचं पोट आहे त्यावर. संशोधनवाल्यांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. मासा असो-नसो, ठरल्या वेगाने, ठरला वेळ जाळं ओढायचं आणि ताशी किती किलो आलं ते लिहायचं. जाळं रिकामं आलं तरी नोंद होते. मच्छीमारांच्या पकडीवरून अंदाज बांधला तर फसगत होते, कारण मासा कमी झाला तरी ते उरलेले थवे शोधून काढतातच.

जाळ्याचं टोकही बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं असतं, म्हणजे पिल्लंही सापडतात. मग डेकवर जात वेगळी करा, लांबी मोजा, पोट चिरून अंडी कितपत तयार आहेत ते बघा. कानातला खडा काढून ठेवायचा. त्यावरच्या वलयांवरून वय काढता येतं.

समुद्रावर हे काम भारतीय मत्स्य सर्वेक्षण करतं, मुख्यालय मुंबईत. कोचीचं 'सागर संपदा' हे संशोधन जहाज मात्र छोटं नाही, ७१.५ मीटर लांब आहे.

आमच्या सोलापूरकडे जहाज कुठलं! एमएस्सीला आम्ही उजनी धरणावर भाड्याच्या होडीतून हेच केलं. काळी-पांढरी थाळी दोरीने सोडायची, दिसेनाशी झाली की ती किती खोल गेली ते लिहायचं, त्यावरून पाणी किती गढूळ ते कळतं, मग वेगवेगळ्या आसाची जाळी लावायची. होडीवाले मामा वैतागायचे, "हितं काय गावायचं न्हाई मॅडम, तिकडं चला की." त्यांचं बरोबरच होतं, पण आमची जागा तीच होती.

खरी पंचाईत उन्हाळ्यात. धरण ११७ टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पाणी मृतसाठ्यात उतरलं, म्हणजे उजनी मायनसमध्ये गेली की पावसाळ्यातल्या जागी भेगाळलेला गाळ. उरलेल्या पाण्यात मासा दाटतो आणि जाळी भरून येतात, चिलापी (तिलापिया) माशाने तर विशेष. मासा वाढलेला नसतो, पाणी आटलेलं असतं. म्हणून वहीत किलोच्या शेजारी त्या दिवशीची पाणीपातळी लिहायचो.