लिंबू घातलेली फरसबी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

अगं एवढं घाबरू नकोस, दहा-पंधरा मिनिटांत होते ही भाजी. मंडईतून आणशील तर फरसबी एक मोडून बघ, कट्कन तुटली पाहिजे, वाकत असेल तर सरळ पुढच्या गाळ्यावर जा. दोघांना पाव किलो पुरते. शिरा काढ, बोटाएवढे तिरके तुकडे कर.

कढईत दोन चमचे तेल, जिरं, ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची, मग फरसबी आणि मीठ, गॅस मोठाच ठेव, पाण्याचा एक हबका मार आणि परतत राहा, पाच-सात मिनिटांत दाताखाली जरा करकरीत लागेल इतपत शिजते. झाकण ठेवू नकोस हां, वाफेत कोंडली की रंग जातो.

आता मेन गोष्ट, लिंबू. गॅस बंद केल्यावरच पिळायचं, तेही वाढायच्या अगदी आधी. आंबटपणामुळे भाजीतल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवीगार फरसबी शेवाळी दिसायला लागते, म्हणून डब्यात न्यायची असेल तर लिंबाची फोड वेगळीच दे. आणि पिळायच्या आधी लिंबू स्वच्छ धुऊन बारीक किसणीवर साल हलक्या हाताने किसून घे, फक्त वरचं पिवळं, खालचं पांढरं कडू लागतं. खरा वास त्या सालीतच असतो, रसाने नुसता आंबटपणा येतो. ही चिमूटभर साल गरम भाजीवर टाकून बघच, माझ्या मते ओल्या खोबऱ्याचीसुद्धा गरज नाही मग. सोबत वरण-भात कर.