गुरूवरचं वादळ शमत का नाही?

प्रश्न : आमच्याकडे मेमधलं अवकाळी वादळ अर्ध्या तासात पत्रे उडवून निघून जातं. मग गुरूवरचा लाल डाग दीडशेहून जास्त वर्षं कसा टिकला? – एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : आपलं अवकाळी वादळ तापलेल्या जमिनीवरच्या दमट हवेवर पोसतं. पाऊस कोसळला, गार हवा खाली आली की त्याची रसदच तुटते. समुद्रावरचं चक्रीवादळही जमिनीवर आलं की ढेपाळतं. गुरूला किनारा नाही आणि पायाखाली घट्ट जमीनही नाही, त्यामुळे घासून वेग मारणारं काही नाही.

शिवाय तो डाग कमी दाबाचं चक्रीवादळ नव्हेच, जास्त दाबाचा भोवरा आहे. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला परस्परविरुद्ध दिशांनी वाहणारे वारे त्याला जागेवर धरून ठेवतात. वाटेत आलेले लहान भोवरे तो गिळतो. जूनो यानाच्या मोजणीत त्याची खोली ५०० किलोमीटरांच्या आतच निघाली, रुंदी मात्र सुमारे १६,००० किलोमीटर. मला याचं फार नवल वाटतं!

पण तो अमर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो सुमारे ४०,००० किलोमीटर रुंद होता. व्हॉयेजर-२ यानाला १९८९ मध्ये दिसलेला नेपच्यूनवरचा मोठा काळा डाग तर १९९४ पर्यंत नाहीसा झाला.

अंबाजोगाईत गच्चीवरून माझ्या सहा इंची दुर्बिणीत लाल डाग फिकट विटकरी दिसतो. तुम्हीही बघाच. नाही दिसला तर काही तास थांबा. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो.