ग्रॅकलला ‘मैना’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या बागेविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘ग्रॅकल’ या पक्ष्यासाठी मैना आणि ‘ब्लॅकबर्ड’साठी कस्तूर हे शब्द चालतील का?

मैना चालणार नाही. हा घोळ जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या काळापासूनचा आहे. लॅटिनमध्ये ‘ग्राकुलस’ म्हणजे जॅकडॉ, युरोपातला कावळ्याच्या कुळातला लहानसा पक्षी. त्यावरून आलेल्या ‘ग्राकुला’ या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) लिनियसने १७५८ मध्ये आपली डोंगरी मैना आणि अमेरिकेतला ग्रॅकल अशा दोघांनाही घातले. पुढे ग्रॅकल ‘क्विस्कॅलस’ प्रजातीत गेला आणि ‘ग्राकुला’ मैनेकडे राहिले. त्यामुळे भारतीय पक्ष्यांवरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘ग्रॅकल’ दिसला तर तिथे डोंगरी मैना हेच बरोबर. मजकूर अमेरिकेतला असेल तर ‘ग्रॅकल’ तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ओळख करून द्यावी: साळुंकीपेक्षा लांब, पिवळ्या डोळ्यांचा, काळ्या अंगावर निळी-जांभळी किंवा कांस्य झाक असलेला, उडताना लांब शेपटी मधोमध दुमडून होडीच्या तळासारखी करणारा पक्षी. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा करकरीत.

‘ब्लॅकबर्ड’चे उत्तर देशावर ठरते. इंग्लंडमधला ब्लॅकबर्ड खुशाल कस्तूर करा. सह्याद्रीत दिसणारा कस्तूर त्याचाच जवळचा भाऊबंद, दोघेही ‘टर्डस’ प्रजातीतले. अमेरिकेतला ‘रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड’ मात्र ग्रॅकलच्या कुळातला. त्याला ‘लालखांद्या ब्लॅकबर्ड’ म्हणता येईल, कारण लाल ठिपका खांद्यावर असतो, सगळ्या पंखावर नाही. तोही फक्त नराच्या. मादी तपकिरी, रेघारेघांची असते, म्हणून सरसकट ‘काळा पक्षी’ लिहिले की वर्णन फसते.

गंमत म्हणजे त्याच बागेतला नारिंगी छातीचा अमेरिकन रॉबिन खरा कस्तुराच्या गोतातला आहे. नावावरून त्याला दयाळ किंवा चीरक करू नये. तसेच बाल्टिमोर ओरिओल म्हणजे हळद्या नव्हे; तोही ग्रॅकलच्याच कुळातला.

लिहिताना ‘ग्रॅकल’ पुल्लिंगी धरावा: एक ग्रॅकल, चार ग्रॅकल, ग्रॅकलचा थवा. ‘ग्रैकल’ हे हिंदी वळणाचे लेखन टाळावे.